ज्वारीच्या मॅशची खळ होतेय, काय चुकतंय?

भट्टीजवळची

मी पुण्यात मुंढव्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत चार वर्षं काम करते. माहेर मंगळवेढ्याचं. दिवाळीला गेले तेव्हा घरच्या मालदांडीचं अर्धं पोतं घेऊन आले आणि साहेबांकडून पन्नास लिटरच्या चाचणीची परवानगी काढली.

ज्वारी रात्रंदिवस भिजवली, दोनदा पाणी बदललं, ओल्या गोणपाटाखाली चार दिवस ठेवून मोड आणले, मग गच्चीवर खडखडीत वाळवली. इथवर झकास. पुढे बार्लीसारखीच ६५ अंशांवर मॅश केली (दळलेले मोड गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करायची), तर तासाभरानंतरही गोडी नाही. आयोडीनचा थेंब टाकला की काळानिळा, म्हणजे स्टार्च तसाच. वैतागून ७६ पर्यंत नेली आणि तिची खळ झाली. ढवळायचा पलिता उभा राहील इतकी घट्ट. तोटी उघडली तर थेंब गळेना.

सगळे म्हणतात, विकतचं एन्झाइम, म्हणजे स्टार्चची साखर करणारं द्रव्य, घाल. घातलं तर होईल, मला माहीत आहे. पण आफ्रिकेतल्या बायका पिढ्यान् पिढ्या एन्झाइमच्या पुडीशिवाय ज्वारीची बिअर करत आल्यात. मला त्यांची रीत शिकायची आहे. कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

वाघोलीकर

पाहिली आहे. बोअरवेलच्या कामावर मी तीन वर्षं बुर्किना फासोत होतो. तिथे तांबड्या ज्वारीची 'दोलो' करतात, आणि हे काम पूर्णपणे बायकांच्या हातात. आमच्या मुक्कामाशेजारी एक आजी होत्या. मातीच्या मोठाल्या हंड्या, खाली लाकडं.

तुमची अडचण अशी आहे की ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला, साधारण सत्तरच्या पुढे फुलतो. तेवढ्या उष्णतेत मोडांमधली साखर करणारी द्रव्यं मरतात. म्हणजे ६५ ला स्टार्च कच्चा आणि ७६ ला एन्झाइम मेलेलं. आजींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण त्या मोडाचं पीठ गार पाण्यात कालवायच्या, साका खाली बसू द्यायच्या आणि वरचं पाणी ओतून बाजूला ठेवायच्या. एन्झाइम त्या पाण्यात उतरलेलं असतं. खालचा साका चांगला रटरटवायचा, थोडा निवला की ठेवलेलं पाणी त्यात परत घालायचं. मग रात्रभर तसंच आंबू द्यायचं, सकाळी गाळून पुन्हा उकळायचं, गार झाल्यावर आधीच्या खेपेचं वाळवलेलं यीस्ट घालायचं. दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या वाटीतून प्यायला तयार.

एक गोष्ट पाहून मी चाटच पडलो होतो. साका पटकन बसावा म्हणून पिठाच्या पाण्यात भेंडीची देठं नाहीतर धामणीच्या जातीतल्या झाडाची साल चोळतात. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीच घालतात की! इतक्या लांब तोच बुळबुळीतपणा, तेच काम.

मोहोळचा

ताई, एक गोष्ट मनावर घ्या. कोवळ्या ज्वारीला जनावराला किराळ लागते ना, तेच विष मोडांतही असतं. वाळल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढा, आणि उकळताना झाकण ठेवू नका. मोडाचं पीठ कच्चं चाखूही नका.

आणि ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, म्हणून गाळणी तुंबते. भाताचं तूस धुऊन मिसळा.

आंबटगोड

रात्रभर आंबवणं सोडू नका, जीव तिथेच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या उमकोंबोथीतही, म्हणजे मक्याचं पीठ आणि ज्वारीच्या मोडांच्या बिअरमध्ये, आधी लॅक्टिक, म्हणजे दह्यासारखा, आंबटपणा येऊ देतात, मग शिजवतात, मग यीस्ट. हल्ली टॅपरूममध्ये केटल सावर म्हणून जी आंबट बिअर मिळते तिचा क्रम हाच. तिला जर्मन वंशावळ जोडली जाते, ती खरीच, पण आफ्रिकेतली ही वाट कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

बाकी ज्वारीला मोठ्या ब्रुअऱ्यांत शिरकाव मिळाला तो नायजेरियामुळे. १९८८ मध्ये त्यांनी बार्ली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, आयात बंद केली, आणि तिथल्या लागर बिअरच्या कंपन्यांना ज्वारी शिकावीच लागली. ग्लुटेन नसलेल्या बिअरना ज्वारी पुढे उपयोगी पडली. आता अपिवे न्क्सुसानी-मावेला या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रूमास्टर त्यांच्या तोलोकाझी ब्रँडखाली ज्वारीची पिल्सनर, म्हणजे फिकट लागर, करतात. तुमच्यासारखंच, आपल्या मातीतलं धान्य घेऊन.

भट्टीजवळची

वाघोलीकर दादा, तुमच्या रीतीने काल गाळली. भेंडीची देठं मंडईतून आणली. भाजीवाल्या मावशींनी फुकट दिली. वीस मिनिटांत साका खाली आणि वर फिकट पिवळं पाणी. साका उकळून पाणी परत घातलं, दोन तासांनी आयोडीन तपकिरीच राहिलं! रात्रभर आंबवून उघड्या भांड्यात तासभर उकळलं. मोहोळच्या दादांचं ऐकून कोंब दोनदा पाखडले होते.

आज गाळपाचा पहिला पेला घेतला. रंग ताकासारखा, कारण मालदांडी पांढरी. आधी ताज्या अंबिलीचा आंबटपणा, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव. साहेबांनी दोनदा मागून घेतली.

आता अडलंय ते असं, की पेल्यातही ती फसफसतच राहते आणि तिसऱ्या दिवशी फार आंबट होईल. मला गाळून, थंड करून तिला थांबवायचं नाहीये. शुक्रवारी घालून शनिवार-रविवारी संपवायची, असं साहेबांना सुचवलंय. वाघोलीकर दादा, आजी यीस्ट कशावर वाळवायच्या, आठवतंय का?

वाघोलीकर

तळाचा गाळ पसरून उन्हात वाळवायच्या, नुसता. शनिवारी येतो.