स्टॅफर्ड गॅम्बिट लावून हारलो, तं काय बिघडलं?

धुऱ्यावरचा वजीर (दारव्हा तालुका)
राजेहो, काल रात्री बुद्धिबळाच्या तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावात काळ्याकडून स्टॅफर्ड लावला आन् हारलो. गॅम्बिट म्हंजे सुरुवातीलेच प्यादं देऊन हल्ला करायचा; स्टॅफर्ड पांढऱ्यानं ई४नं सुरुवात केली तरच लागते. चाली अशा (ई४, एफ३ हे पटावरच्या घरांचे नावं): त्याचं प्यादं ई४, आपलं ई५, त्याचा घोडा एफ३, आपला एफ६. त्यानं ई५चं प्यादं खाल्लं, मी घोडा सी६वर आणला, घोड्यांची मारामारी झाली, मी डीच्या प्याद्यानं मारलं. एक प्यादं गेलं, पण उंट-वजिराची वाट मोकळी. पांढऱ्यानं डी३ केलं की आपला उंट सी५. आता त्यानं उंट जी५वर टाकला की संपलाच: घोड्यानं ई४ खायचं, वजीर खुशाल मारू द्यायचा, उंटानं एफ२वर शह, राजा ई२, दुसरा उंट जी४, मात!
हा गडी फसलाच नाही. उंट ई२, मंग सी३, मंग डी४. माह्या हल्ल्यातली हवाच गेली.
तरी मी हेच खेळणार. गावात ना कोच, ना क्लब. ओलिताले रात्रीची लाईन रायते, मोटार चालू करून धुऱ्यावर बसलो की दोन-चार डाव होतात. तिथं कोण बरोबरीसाठी खेळते?

आर्वीकर
मजा तुझी, प्यादं फुकटात त्याचं. इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामला विचार, चौथ्या चालीनंतरच पांढरा जवळपास दोन प्याद्यांइतका पुढे दाखवते. समोरच्यानं चूक केली तरच जिंकणार, याला डाव म्हणत नाहीत. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ला जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकली. फायनलमध्ये कोनेरू हम्पीसोबतचे क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल कमी वेळेच्या रॅपिडमध्ये लागला. एवढा दम धरता यायला पाहिजे.

मेहकरी घोडा
दम धरा म्हणे! १८५१ला लंडनमध्ये जर्मनीच्या अँडरसननं दोन्ही हत्ती न् वजीर देऊन मात केली, तो डाव अजून लोक पाहतात. तो गॅम्बिटच होता ना भाऊ?

आर्वीकर
तो राजाचा गॅम्बिट, पांढरा दुसऱ्याच चालीला एफचं प्यादं देतो तो. त्यातही १९६०ला, पुढे जगज्जेता झालेला अमेरिकेचा फिशर काळ्याकडून रशियाच्या स्पास्कीकडून हारला आणि पुढच्या वर्षी लेख लिहून मोकळा झाला, की हा गॅम्बिट टिकत नाही.

मेहकरी घोडा
आन् १९६३ला अमेरिकेच्या स्पर्धेत फिशरनंच राजाचा गॅम्बिट खेळून लॅरी एव्हन्सले हरवलं. हे काऊन नाही सांगत?

वणीची मास्तरीण
दोघंही वेगळं बोलून राहिले. राजाच्या गॅम्बिटमध्ये सापळा चुकला तरी पुढं खेळ उरतो, स्टॅफर्डमध्ये फार थोडा. तीन मिनिटांत खुशाल लावा. पण माझ्या शाळेतली पोरं तालुक्याच्या स्पर्धेत हेच लावतात आणि डी३नंतर उंट ई२ दिसला की माझ्या तोंडाकडे पाहतात. त्यांना आधी डावाचा शेवट, हत्ती-प्यादीच उरल्यावर कसं खेळायचं ते, शिकवावा लागतो, आणि तो व्हिडिओत कोणी पाहत नाही.

धुऱ्यावरचा वजीर
मॅडमचं पोरांसाठी ठीक. मले कोणती स्पर्धा खेळाची हाय? आर्वीकर, एवढाच दम असन तं ये आज रात्री. तू पांढरे घे, मी स्टॅफर्ड लावतो.

आर्वीकर
येतो. पहिली चाल डी४. लाव आता स्टॅफर्ड.