मदत हवी आहे: हरला तरी बॉक्सर जगज्जेता कसा राहिला?

घाटवाट:
लेख उद्या सकाळी संपादकांकडे जायला हवा आणि मी १९७२ वरच अडकलोय. जूनमध्ये गडी लाइटवेट वजनगटाचा जगज्जेता झाला. नोव्हेंबरमध्ये हरला. तरी १९७९ पर्यंत किताब त्याच्याकडेच! मधे तो परत कधी मिळवला ते कुठेच सापडत नाही. उलट १९७८ मध्ये पुन्हा 'जगज्जेता झाला' असं दिसतं. नक्की तारीख हवी आहे. प्लीज लवकर.

माळरान:
कोण बॉक्सर?

घाटवाट:
रॉबर्टो दुरान. पनामाचा. लाइटवेट आणि १९७२ म्हटल्यावर दुसरा कोण असणार?

सांजसकाळ:
दुरान म्हणजे अमेरिकेच्या शुगर रे लिओनार्डसमोर मधेच लढत सोडून देणारा तोच ना? १९८०, न्यू ऑर्लीन्स. 'नो मास' (स्पॅनिशमध्ये 'आता बस') म्हणाला आणि पाठ फिरवली. अशा माणसावर लेख कशाला?

रानपाखरू:
@सांजसकाळ, त्याच वर्षी जूनमध्ये माँट्रियलला त्याने याच लिओनार्डला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं होतं, तेही मूळचा लाइटवेट असून दोन वजनगट वर जाऊन. ते सोडून फक्त न्यू ऑर्लीन्स का आठवतं लोकांना? ते शब्द आपण उच्चारलेच नाहीत, असं दुरान स्वतः सांगत आलाय.

सांजसकाळ:
शब्द उच्चारले की नाही हा मुद्दाच नाही. लढत सोडली हे खरं आहे.

माळरान:
भांडण नंतर करा. @घाटवाट, नोव्हेंबरमध्ये हरला कोणाशी? आणि लढत किती फेऱ्यांची होती? फेऱ्या बघा आधी.

घाटवाट:
एस्तेबान दे हेसूस, पोर्तो रिकोचा. न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. १० फेऱ्या लिहिलंय. पण फेऱ्यांचा काय संबंध? जगज्जेता हरला की किताब जातो ना?

विहीरकाठ:
माझा भाचा बॉक्सिंग करतो, त्याला स्पर्धेआधी चार किलो उतरवायचंय. पाणी बंद केलं तर चालेल का?

माळरान:
फेऱ्यांचाच संबंध आहे. तेव्हा किताबाची लढत १५ फेऱ्यांची असायची. १० फेऱ्यांची म्हणजे किताब पणाला नव्हता. जगज्जेते अशा लढती पैशासाठी आणि सरावासाठी खेळायचे. बहुतेक वेळा वजनही १३५ पौंडांच्या, म्हणजे ६१.२ किलोंच्या वरचं ठरवून घेत, म्हणजे किताबाला धोकाच नको. महाराष्ट्र केसरी पुढे गावच्या जत्रेतल्या मैदानात चितपट झाला, तर गदा परत मागतात का? तसंच. हार मात्र कारकिर्दीत नोंदली जाते. दुरानची ती पहिलीच हार.

तुम्ही 'परत कधी मिळवला' हे शोधताय. किताब गेलाच नव्हता, तर तारीख कुठून सापडणार?

रानपाखरू:
त्यापुढचं मी सांगतो. दे हेसूसने पहिल्याच फेरीत डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) दुरानला खाली पाडलं होतं. मार्च १९७४ मध्ये पनामात दोघे पुन्हा भिडले, या वेळी किताबासाठी. आणि बघा, पहिल्या फेरीत परत तोच हुक, परत दुरान खाली! पण उठला, शरीरावर मारत मारत त्याला थकवलं आणि ११व्या फेरीत संपवलं. दुरान काय चीज होती ते कळायला ही एक लढत पुरे आहे.

घाटवाट:
छान, पण १९७८ चं काय?

माळरान:
जगज्जेतेपद देणाऱ्या दोन वेगळ्या संघटना. स्कॉटलंडच्या केन ब्युकॅननला हरवून जून १९७२ मध्ये घेतला तो डब्ल्यूबीएचा किताब. डब्ल्यूबीसीचा दुसऱ्याकडे होता. तो १९७६ मध्ये दे हेसूसने जपानच्या इशिमात्सूकडून मिळवला. २१ जानेवारी १९७८ ला लास व्हेगासमध्ये दोघे तिसऱ्यांदा भेटले, दुरानने १२व्या फेरीत जिंकलं आणि दोन्ही किताब एकाच माणसाकडे आले. पुढच्या वर्षी वजन झेपेना म्हणून त्याने लाइटवेट सोडलं. किताब कोणी हिसकावून घेतला नाही.

सांजसकाळ:
ब्युकॅननचंही पूर्ण लिहा मग. १३व्या फेरीच्या शेवटी तो कमरेखाली फटका बसून कोसळला होता. पंचांनी लढत थांबवून दुरानला विजयी ठरवलं.

रानपाखरू:
तोपर्यंतच्या फेऱ्यांत दुरान स्पष्ट पुढे होता.

सांजसकाळ:
पुढे असला म्हणून खालचा फटका नियमात बसतो का? आणि दुरानने ब्युकॅननला परत लढत कधीच दिली नाही. दे हेसूसला दोनदा दिली, त्याला एकदाही नाही.

विहीरकाठ:
भाच्याचं कोणीतरी सांगा हो. वजन शनिवारी आहे.

माळरान:
@विहीरकाठ, पाणी बंद करू नका. एका वरच्या गटात खेळवा त्याला. १९८२ मध्ये लाइटवेटच्याच किताबासाठी कोरियाचा किम लास व्हेगासला अमेरिकेच्या मॅन्सिनीशी लढला. वजन उतरवताना त्याचे फार हाल झाले होते. १४व्या फेरीत पडला, काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने किताबाच्या लढती १२ फेऱ्यांवर आणल्या. पोराचं वय काय? प्रशिक्षकाला माहीत आहे का हे?

विहीरकाठ:
सोळा. पाणी बंद कर असं प्रशिक्षकांनीच सांगितलंय.

माळरान:
मग आजच घरच्यांशी बोला आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. शनिवारची वाट बघू नका.

घाटवाट:
१९७२ चा परिच्छेद झाला, मंडळ आभारी आहे. आता एवढंच सांगा, लाइटवेटचा किताब राखायच्या १२ लढतींपैकी नॉकआउटने न जिंकलेली कुठली?

रानपाखरू:
१९७७, एडविन विरुएत. १५ फेऱ्या, गुणांवर. बाकी अकरा नॉकआउट.