मदत हवी आहे: झरोके रंगवलेल्या जंबो विमानाचे छायाचित्र
नमस्कार. एअर इंडिया सरकारी मालकीची असताना, १९७१ साली, तिच्या ताफ्यात आलेल्या 'एम्परर अशोका' या बोइंग ७४७ विमानाच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल कमानी रंगवलेल्या होत्या. १ जानेवारी १९७८ रोजी हेच विमान वांद्र्यालगतच्या समुद्रात कोसळून त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाचे वॉल हँगिंग मी येथे सोलापुरात जॅकार्ड मागावर विणून घेत आहे. परंतु वडिलांनी जपलेल्या पोस्टकार्डावर नेमकी खिडक्यांच्या ओळीवरच घडी पडून रंग उडाला आहे, आणि पंचिंग कार्डे (ज्यांच्या छिद्रांवरून माग नक्षी विणतो ती कार्डे) चुकीची कापली गेली तर सगळी मेहनत वाया जाईल. कमानीचे टोक आणि दोन कमानींमधले अंतर स्पष्ट दिसेल असे, बाजूने घेतलेले रंगीत छायाचित्र कोणाकडे असल्यास कृपया पाठवावे.