'शोले'तली घोड्यांची रपेट आज कात्रीतून सुटली असती का?

मधली_रांग:
काल भाच्याबरोबर 'शोले' (१९७५) लावला. गाडी स्टेशनात आली, जेलर उतरला, रामलालबरोबर घोड्यावर बसला आणि नामावली सुरू झाली. तिथेच पठ्ठ्यानं दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारायला सुरुवात केली. "मामा, काही घडतच नाहीये!" घडतंय की! आधी ओसाड माळ आणि धोंडे, मग गाव. पंचमचं (आर. डी. बर्मन) संगीतही वाटेत रंग बदलतं. ठाकूरचं घर येईपर्यंत रामगढ जगापासून किती लांब आहे ते आपल्या अंगात मुरलेलं असतं. पुढे गब्बरची दहशत पटते ती त्यामुळेच. इथे मदत लगेच पोचणार नाही हे आपण त्या रस्त्यानं येऊन पाहिलंय. तमाशात गण-गौळण झाल्याशिवाय वग लागत नाही, तसंच हे.

तिरकस_तात्या:
उपमा गंडलीये. गौळणीत मावशी हशा पिकवते, इथे दोघं नुसते घोडे हाकतायत. अंधारात खुर्ची शोधणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे ती. खरी सुरुवात मालगाडीवरच्या हल्ल्यापासून. 'सैराट' (२०१६) बघा, थेट क्रिकेटचा सामना आणि कॉमेंट्रीवाल्याची टकळी. परश्या, गाव, पुढाऱ्याचं भाषण, थोडक्यात सगळं कळतं.

मधली_रांग:
तात्या, रपेट संपते तिथे ठाकूर शाल पांघरून भेटतो. पहिल्यांदा बघताना हातांचा विचारही मनात येत नाही. आणि तुमच्या लाडक्या मालगाडीत तेच हात बंदूक चालवतात. दुसऱ्यांदा पाहताना मला त्या शालीवरून नजर काढता आली नाही.

शाई_सांडली:
तुम्ही दोघंही सुरुवातीला ओळखपरेडीलाच जुंपताय. 'कोर्ट' (२०१४) आठवा. शाहीर नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेतात, ती आटोपून कार्यक्रमाला जातात, मंचावर गातात आणि पोलीस येतात. वाटतं, सिनेमा ह्यांचा. पण पुढे कॅमेरा वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या मागे निघून जातो, कांबळे तारखांमध्ये अडकलेले. म्हणजे गोष्टीबाबत ही सुरुवात चकवते. पण सिनेमा बघायचा कसा, ते मात्र शिकवते: लांबून, निवांत, 'इकडे बघा' असं कुणी सांगणार नाही.

तिरकस_तात्या:
ते शिकेपर्यंत माझ्या शेजारचे दोघं उठून गेले होते.

करमाळ्याची_लेक:
('सैराट'चा शेवट माहीत नसेल तर पुढचं वाचू नका.) आमच्याकडच्या टूर्नामेंटला कॉमेंट्री अगदी तश्शीच असते, त्यामुळे सुरुवातीला मी पोट धरून हसले. लाऊडस्पीकर क्षणभर गप्प बसत नाही. आणि शेवटी? आवाजच काढून घेतलाय. लेकराची रक्ताळलेली पावलं उमटत जातात आणि थिएटरात खुर्ची करकरली तरी दचकायला होतं. तात्या, "सगळं कळतं" म्हणालात ना, मला तर काहीच कळलं नव्हतं. हसता हसता बेसावध झाले होते, आणि त्याची वसुली तिकडे झाली.

तिरकस_तात्या:
हे मान्य, ताई. शेवट असा जोडून मी पाहिला नव्हता. तरी घोड्यांतलं एक मिनिट मी कापणारच.

मधली_रांग:
कुठलं ते नेमकं सांगा. भाचा क्लासला गेलाय, परत लावून बसतो.