पेस्लिप नाही म्हणून घर सोडू नका

"पेस्लिप (पगाराची पावती) नसेल तर कौन्सिलचं, म्हणजे पालिकेचं भाड्याचं घर विकत घ्यायचा विचारच सोडा" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. माझे यजमान लंडनमध्ये मिनीकॅब चालवतात. एका आठवड्याला कमाई भरपूर, पुढच्याला निम्मी. घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी आमचा स्टेटमेंटचा गठ्ठा बाजूला सारला आणि दोन वर्षांचे एसए३०२ (उत्पन्न व कराचा हिशोब) आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू (कर खात्याकडचा त्या वर्षाच्या कराचा गोषवारा) मागितले. पेनाने खुणा करत दोन्हींवरचे आकडे जुळवले. धरला तो निव्वळ नफा, गोळा झालेलं भाडं नाही. इंधन, विमा, दुरुस्ती दाखवून वाचवलेला कर इथे असा आडवा येतो!

आणखी एक गोष्ट म्हणजे, राइट टू बायच्या (कौन्सिलचं घर भाडेकरूला विकत घेऊ देणाऱ्या योजनेच्या) अर्जात गेले १२ महिने त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या तिघांपर्यंत माणसांना सामील करता येतं. आमची मुलगी नुकती नोकरीत कायम झाली होती. तिचं नाव घातलं, पेस्लिपा जोडल्या आणि गाडं हललं. मात्र हे आरटीबी१ हा अर्जाचा फॉर्म भरण्याआधीच घरात बसून ठरवा, कारण कर्जाची जबाबदारी तिच्यावरही येते. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये २०१६ ला आणि वेल्समध्ये २०१९ ला ही योजना बंद झाली.