दृष्टिहीनांसाठीचे स्टार्टअप: यंत्र येतं, पण पुढे कोण असतं?

शनवारातला:
मी जन्मापासून दृष्टिहीन. बँकेत नोकरी करतो, वय ४४. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात पुन्हा एक नवा चष्मा माझ्या नाकावर चढवला गेला. समोर काय आहे ते तो कानात सांगतो. बनवणारी मुलं हुशार होती, तळमळीनं बोलत होती. पण तुमचा दिवस नेमका कुठे अडतो, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

दिवस अडतो तो विम्याच्या अ‍ॅपवर. तिथे टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय, लावली की नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं, कशाचं बटण ते कळत नाही. अडतो तो मराठी परिपत्रकांवर. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येऊन इतकी वर्षं झाली, तरी कितीतरी कागद अजून कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप होतात. डोळसांना ते स्वच्छ मराठी दिसतं, माझा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचत बसतो. सोसायटीची नोटीस तर फोटो काढूनच ग्रुपवर येते.

घरी कपाटात एक यंत्र पडून आहे. पट्ट्याला लावायचं, अडथळा आला की थरथरायचं. तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलं. चार्जिंगची पिन ढिली झाली आणि कंपनीचा फोन लागेनासा झाला. आता तो नंबरच अस्तित्वात नाही म्हणे.

माझं मत स्पष्ट आहे. आमच्या पिढीच्या नोकऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरनं टिकवल्या. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं २००६ मध्ये तो सुरू केला, पुढे जेम्स टेह सोबत आला. दोघेही दृष्टिहीन. स्क्रीन रीडरसाठी हजारो रुपये मोजावे लागत होते, तो त्यांनी फुकट दिला, कोडही खुला ठेवला, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येईल असा. चष्म्यांवर जाणारा पैसा अशा कामाला आणि अ‍ॅपं सुधारायला मिळाला पाहिजे.

सर्किट:
मी अशाच एका छोट्या कंपनीत हार्डवेअर बघतो, त्यामुळे हे जिव्हारी लागलं. पण अ‍ॅप सुधारून रस्ता ओलांडता येत नाही. पांढरी काठी खड्डा सांगते, पायरी सांगते. टेम्पोच्या मागे बाहेर आलेली सळई, रसवंतीचं खाली वाकलेलं छप्पर, उघडी खिडकी ती सांगत नाही. तिथे कपाळच आपटतं. त्यासाठीच आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन आली, २०१४ मध्ये. साध्या काठीच्या मुठीवर अल्ट्रासाउंडचा सेन्सर, तीन मीटरपर्यंत गुडघ्याच्या वरचं काही असलं की मूठ थरथरते. सक्षम ही संस्था आणि चेन्नईची फिनिक्स ही उत्पादक कंपनी सोबत होती. हे काम कुणी केलंच नसतं तर?

आणि आमच्यासारख्या कंपन्या बुडतात त्या बेपर्वाईनं नव्हे. प्लास्टिकचा एक साचा करायला लाखो रुपये लागतात. यंत्रं वाटली जातात, फोटो निघतात, बिल मात्र वर्षभर अडकतं. त्यात दुरुस्तीला माणूस ठेवायचा कुठून?

शनवारातला:
स्मार्टकेनला माझा विरोध नाही. तिनं काठी काढून घेतली नाही, काठीवरच बसली. सेन्सर बंद पडला तरी हातात काठी उरते.

चालू आहे तोवरच उपयोगी पडणाऱ्या गोष्टीची मला धास्ती आहे. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीनं आर्गस-२ नावाचं कृत्रिम दृष्टिपटल ३५० हून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसवलं. २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये कंपनी बुडण्याच्या बेताला आली. माणसांच्या डोळ्यांत यंत्र तसंच, आणि बिघडलं तर विचारायला कुणी नाही. म्हणूनच पिनेची गोष्ट मी सोडून देत नाही.

लेकीची आई:
तुम्हा दोघांचं मोठ्यांचं चाललंय. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या वर्गात दहा मुलं आणि ब्रेल शिकवणाऱ्या बाई एकच. बाई एकीचं बोट धरून ठिपके दाखवतात तेव्हा बाकीची नऊ हात मांडीवर ठेवून बसतात. मी दारातून हे पाहिलंय. मग शाळेत अ‍ॅनी आलं. थिंकरबेलचं, बिट्स पिलानीच्या गोव्याच्या कॅम्पसमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कंपनीचं. यंत्र बोलतं, ठिपका चुकला की तिथल्या तिथे सांगतं. माझी लेक चुकल्यावर हसते आणि पुन्हा दाबते. बाईंसमोर ती रडायची.

तेव्हा 'यंत्रांवर पैसा नको' असं सरसकट म्हणू नका. फोनवर ऐकून मुलं शहाणी होतात, पण शुद्धलेखन बोटांनीच येतं.

टॉकबॅक:
मी कॉलेजात आहे, अल्पदृष्टी. काका, 'बी माय आईज' हाही स्टार्टअपच होता हो. डेन्मार्कमधले हान्स यॉर्गन विबर्ग, त्यांना स्वतःलाही कमी दिसतं. २०१५ पासून अनोळखी डोळस माणूस व्हिडिओवर येऊन आपल्याला वाचून दाखवतो, तेही फुकट. २०२३ पासून त्यात एआय आलं. मी रोज वापरते.

पण एक सांगते. अशाच एका अ‍ॅपच्या एआयला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख विचारली, त्यानं ठामपणे चुकीची सांगितली. आईनं पाहिलं म्हणून कळलं. 'नीट दिसत नाही' एवढं म्हणायला तो शिकला तरी मला पुरे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप बरं, इंटरनेटशिवाय चालतं.

केवायसीच्या वेळी मला 'डोळे मिचकावा' असं सांगण्यात आलं. कुठे बघून, कधी? सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसी बदला. हे कुठल्याही स्टार्टअपनं केलेलं नाही. त्यासाठी दृष्टिहीन आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेली माणसं कोर्टात गेली.

शनवारातला:
लेकीची आई, तुमचं पटलं. दहा मुलांचं चित्र डोक्यातून जात नाहीये. यंत्रांवरचा पैसा काढून घ्या, हे मी मागे घेतो.

पण अट ठेवतो. सरकारी किंवा देणगीच्या पैशातून यंत्र बनलं तर कंपनी बंद होताना सर्किट आणि कोड खुलं करावं लागेल. म्हणजे कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यालाही दुरुस्त करता येईल.

सर्किट:
सरकारी पैशापुरतं मान्य. खासगी गुंतवणूक असेल तिथे ही अट घातलीत तर पुढचा पैसा येणारच नाही, आणि मग यंत्रही नाही. यावर आपलं जमणार नाही.

ते कपाटातलं यंत्र मात्र मला द्या. पिन बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. कुरिअरनं पाठवा.

शनवारातला:
पाठवतो. मागचं झाकण एका कडेनं उचललेलं लागतंय बोटाला, आधी सपाट होतं.

सर्किट:
मग बॅटरी फुगली आहे. कुरिअर नको, चार्जिंगलाही लावू नका. रविवारी पुण्यात आहे, येऊन घेऊन जातो.