मदत हवी आहे: पश्चिमेच्या भिंतीवर वेलगुलाब

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घर आहे, पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात नुसती भाजते. तिच्यावर वेलगुलाब चढवायचाय, पण सारखी फवारणी करत बसायची माझी तयारी नाही. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे. पावसाळ्यात काळी माती पाणी धरते आणि पानांवर काळे ठिपके पडतात. थंडीत भुरी (पानांवर पांढरी पूड धरते तो बुरशीचा रोग), ती तर इथल्या द्राक्षवाल्यांनाही सोडत नाही!

'न्यू डॉन'चं नाव सारखं वाचते. १९३१ साली अमेरिकेत वनस्पतीचं पहिलं पेटंट याच गुलाबाला मिळालं, आणि रोगाला सहसा दाद देत नाही म्हणतात. आपल्या उन्हात कुणी लावलाय का? फांद्या आडव्या बांधल्या की फुलं जास्त येतात, एवढं ठाऊक आहे. बोअरचं जड पाणी चालेल का? आणि खात्रीचं कलम जवळपास कुठे मिळेल?